कळलावीचा कंद जूनमध्ये फुटला नाही तर

ऑक्टोबरात वेल पिवळी पडली म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, आणि आता जून उलटत आला तरी कोंब नाही. अडचण त्या पाण्यातच आहे. कळलावी पावसाळा संपला की वरून पूर्ण वाळते आणि कंदाच्या रूपात जमिनीत झोपते. तेव्हा पाणी दिलं की कंद कुजतो.

आधी कुंडी हलकेच उपसून कंद पाहा. हातमोजे घालून, कारण त्यात कॉल्चिसिन हे जहाल विष असतं. दाबल्यावर मऊ लागला, वास आला, तर गेला. टणक असेल तर टोकं तपासा. इथेच बहुतेकजण चुकतात. कंद नांगराच्या फाळासारखा दुहेरी वाकलेला असतो (म्हणूनच संस्कृतात लांगली), आणि डोळा फक्त बाहूच्या टोकाला असतो. बटाट्यासारखे डोळे अंगभर नसतात. टोक मोडलं तर बाकीचा कंद कितीही जाडजूड असो, तो बाहू फुटत नाही. टोक शाबूत असेल तर पुन्हा लावा आणि जुलैच्या मध्यापर्यंत थांबा.

लावताना १२ इंची खोल कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेला पाला. कंद आडवा, टोक कुंडीच्या मध्याकडे, वर ६ ते ८ सेंटिमीटर माती. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. कोंब काचेसारखा ठिसूळ असतो, त्या काळात माती उकरू नका.

जंगलाच्या कडेला ही करवंदीच्या जाळीतून वर चढते: मूळ सावलीत, शेंडा उन्हात. घरीही तसंच हवं, म्हणून कुंडीचा तळ सावलीत राहील असं बघा. आणखी एक, हिच्या पानाचं टोकच लांबून वळतं आणि आधार धरतं. ते जाड बांबूला विळखा घालू शकत नाही. सुतळी, जाळी किंवा काटक्या लावा, नाहीतर वेल जमिनीवर लोळते.

पानांवर काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या येतात आणि दोन-चार दिवसांत वेल बोडकी करतात. दिसल्या की हाताने वेचा.

फूल आधी हिरवट-पिवळं असतं, मग पाकळ्या टोकाकडून लाल होत जातात. तेव्हा परागवाहिनी (स्त्रीकेसराचा लांब दांडा) पाहा: बुडाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर गेलेली असते. त्यामुळे स्वपरागण क्वचितच होतं. बी हवं असेल तर कुंचल्याने दुसऱ्या वेलीचे परागकण लावा. बियांपासून फुलायला तीन-चार वर्षं लागतात, कंदापासून त्याच पावसाळ्यात.

पानं पिवळी पडली की पाणी बंद. वेल पूर्ण वाळल्यावर कुंडी पावसा-पाण्यापासून दूर, कोरडी ठेवा. दरवर्षी जुना कंद आटून जागी नवा तयार होतो. मे महिन्यात कुंडी बदलताना त्याचे दोन्ही बाहू वेगळे करता येतात, पण प्रत्येकाला आपलं टोक हवंच. काप कोरड्या राखेत दोन दिवस सुकू द्या.

घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर काढलेले कंद कधीही कांदे-रताळ्यांच्या जवळ ठेवू नका. शिजवूनही विष जात नाही. चुकून कोणी खाल्लं तर त्रास दिसण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आणि नवा कंद लागला तर रोपवाटिकेतून घ्या, जंगलातून उपटून नको. औषधासाठी ही आधीच बेसुमार खणली गेली आहे.