नव्वद दिवस म्हणजे नऊ बिलं

प्रश्न : मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकले आहे आणि एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गुणनियंत्रण बघते. वय ३४. शेजारच्या तालुक्यातल्या एका खाजगी डेअरीत दूध संकलन व्यवस्थापकाची जागा निघाली. तिथे मी मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले आहे. ‘पहिल्या ९० दिवसांचा आराखडा घेऊन या, १५ मिनिटांत मांडा, रुजू व्हायची तारीख १ मार्च धरा,’ असा एचआरचा मेल आला आहे. नेटवरून ३०-६०-९० चा नमुना घेतला : पहिले तीस दिवस शिकणे, पुढचे तीस सुधारणे, शेवटचे तीस नेतृत्व करणे. मैत्रिणीने त्याच्या २२ स्लाइड करून दिल्या. पण मलाच ते पटत नाही. जी डेअरी आतून पाहिलेलीच नाही तिचा आराखडा करायचा कसा? फील्डवर मी काम केलेलं नाही, आणि हाताखाली येणारे सुपरवायझर माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे आहेत. शिवाय सगळं आधीच सांगून टाकलं आणि निवड दुसऱ्याची झाली तर?
– एक वाचक, फलटण परिसर

उत्तर : ताई, तो नमुना तुम्हाला पटत नाही हे बरं आहे. ‘शिकणे, सुधारणे, नेतृत्व करणे’ हे विमा कंपनीत चालेल, हॉस्पिटलात चालेल, मंगल कार्यालयातही चालेल. जे कुठेही चालतं ते डेअरीच्या मालकाला आपलं वाटत नाही. माझं आयुष्य संकलनात गेलं, पुढे अशा मुलाखती घ्यायलाही बसलो. समोरच्याच्या कागदावर ‘सर्व संबंधितांशी सुसंवाद साधणे’ दिसलं की मी चहा मागवायचो.

आधी हे बघा की तुमचे नव्वद दिवस कोणते आहेत. १ मार्च ते मे अखेर. हा दुधाच्या ओढीचा काळ. ऊन चढतं, हिरवा चारा संपत येतो, संकरित गाई धापा टाकतात. दूध घटतं आणि एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कमी लागायला लागतो. नेमकी त्याच वेळी दही, ताक, लस्सी, आइस्क्रीमची मागणी चढते, वर लग्नसराई. तालुक्यातल्या प्रत्येक डेअरीला दूध हवं असतं आणि प्रत्येकाचा माणूस तुमच्या सेंटरवाल्याला ‘लिटरला रुपया जादा देतो’ म्हणून फोन लावत असतो. या दिवसांत ‘संकलन तीस टक्क्यांनी वाढवीन’ असं लिहून नेणारा उमेदवार मी तिथेच बाजूला ठेवला असता. मार्च ते मे दूध वाढवायचं नसतं, आहे ते टिकवायचं असतं. हीच तारीख १ नोव्हेंबर असती तर सगळं उलटं लिहावं लागलं असतं : दूध ओसंडतंय, पावडर आणि बटरचे भाव पडलेत, मालक म्हणतो दूध आवरा, आणि उत्पादक विचारतो, काल घेतलं ते आज का नाही? दिवाळीच्या आधीचा मोसम असता तर आणखी वेगळं. तेव्हा सहकारी संघांच्या फरक बिलाची, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणाऱ्या जादा रकमेची, वाट बघणारा उत्पादक खाजगीकडे वळायला तयार नसतो. हे तुम्ही संघात बसून पाहिलेलंच आहे.

दुसरं, महिने मोजायचं सोडा. आपल्याकडे बऱ्याच डेअऱ्यांचं घड्याळ उत्पादकाला मिळणाऱ्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं : १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर. नव्वद दिवस म्हणजे नऊ बिलं. (त्या डेअरीत बिल आठवड्याचं असेल तर तेरा धरा, पण आधी विचारून घ्या.) उत्पादक तुमची परीक्षा बिलावर घेतो, मालकही बिलावरच घेतो. ‘तिसऱ्या बिलापर्यंत हे, सहाव्यापर्यंत ते’ असं तुम्ही म्हणालात की समोर बसलेल्या माणसाला कळतं, ही बाई प्रयोगशाळेतली असली तरी गावातलं दूध कसं चालतं ते हिला ठाऊक आहे.

आता न पाहिलेल्या डेअरीचं. तिचं गेट तुमच्यासाठी बंद असेल, पण तिची संकलन केंद्रं रस्त्याकडेला उघडी आहेत. एखाद्या रविवारी पहाटे निघा. एक केंद्र डेअरीजवळचं बघा आणि एक रूटच्या शेवटचं, कारण दूध आंबायचं ते शेवटच्या केंद्रावर. खोटं बोलू नका. ‘या डेअरीत मुलाखत आहे, आधी बघायला आले,’ असं सांगा. केंद्राचा सचिव चहा पाजेल आणि मालकाला जे कधी सांगणार नाही ते तुम्हाला सांगेल. बिल ठरल्या दिवशी जमा होतं का, टँकर किती वाजता येतो आणि खरं किती वाजता येतो, फॅट लागली नाही तर भांडण कुणाशी करायचं, हे तिन्ही विचारा. पुढे पशुखाद्याच्या दुकानात जा. कुठल्या डेअरीच्या उत्पादकांची उधारी तुंबली आहे हे दुकानदाराइतकं कुणालाच माहीत नसतं.

एचआरला फोन करून चार गोष्टी विचारायला संकोच करू नका : रोजचं संकलन किती, दूध संस्थांकडून येतं की डेअरीच्या स्वतःच्या केंद्रांवरून, बल्क कूलर (गावातच दूध थंड करणाऱ्या टाक्या) किती, आणि खरेदी दर कोण ठरवतं. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दर मालक किंवा त्यांचा मुलगा ठरवत असेल तर तुमच्या आराखड्यात दराबद्दल एकही वचन नको. जे तुमच्या हातात नाही ते कबूल करून बसाल, आणि पुढे तेच तुमच्या अंगावर येईल.

आराखड्याच्या पोटात काय घालायचं, तर तुमचं बळ. फील्ड माहीत नाही म्हणून तुम्ही खाली मान घालताय. पण संकलनातल्या निम्म्या कटकटी तापमानाच्या आणि मोजमापाच्या असतात, आणि त्या तुमच्याइतक्या त्या पंधरा वर्षं मोठ्या सुपरवायझरला कळत नाहीत. एक हिशोब कागदावर मांडून न्या. समजा, रोजचं संकलन २०,००० लिटर आहे आणि केंद्रावर लागलेली फॅट व डॉकवर (डेअरीत दूध उतरतं तिथे) लागलेली फॅट यात फक्त ०.१ टक्क्याचा फरक पडतो. म्हणजे रोज साधारण २० किलो फॅटचे पैसे डेअरीने दिले आणि ती फॅट टाकीत आलीच नाही. महिन्याला ६०० किलो. ते तुपाच्या भावाने गुणायला मालकाला कॅल्क्युलेटर लागत नाही. मग सांगा : पहिल्या दोन बिलांत मी प्रत्येक रूटची तूट लावीन, लिटरची वेगळी आणि फॅट-एसएनएफची वेगळी. तिसऱ्या बिलापर्यंत सर्वांत वाईट दोन रूटवरच्या मशिनचं कॅलिब्रेशन माझ्यासमोर होईल. मशीन ठीक निघालं तर नमुना कोण काढतं आणि दूध ढवळून काढतं का, ते बघेन. ‘चोरी’ हा शब्द मुलाखतीत उच्चारू नका. कुठल्या खोलीत कुणाचा मेहुणा बसलाय, आपल्याला ठाऊक नसतं.

तसंच तापमानाचं. धार काढलेलं दूध ३७ अंशांच्या आसपास असतं, ते वेळेत ४ अंशांवर आलं नाही तर एप्रिलच्या उन्हात पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. कुठल्या बल्क कूलरला जनरेटर आहे, डिझेल कोण भरतं, दूध पोहोचायला किती वेळ लागतो, आणि रूटनिहाय एमबीआरटी (दूध किती टिकेल ते सांगणारी चाचणी) किती तास येते, हा एक तक्ता ‘चौथ्या बिलाअखेर मालकांच्या टेबलावर’ असं लिहा. पाचव्या ते सातव्या बिलात एकाच रूटवर वेळ बदलून बघा, टँकर अर्धा तास आधी सोडा. एकाच, सगळ्या नाही. आठव्या-नवव्यात पावसाळ्याची तयारी : कुठला रस्ता बंद पडतो, कुठली केंद्रं चिखलात जातात.

उत्पादकनिहाय नोंदींचाही एक मुद्दा घाला. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं सरकारी अनुदान आलं, तेव्हा उत्पादकाचं नाव, जनावराच्या कानातला बिल्ला आणि बँक खातं हे जुळावं लागत होतं. ज्यांच्या नोंदी जुळेनात त्यांचे उत्पादक लटकले आणि शिव्या संकलनवाल्यांनी खाल्ल्या. पुन्हा असं काही आलं तर तयारी कुठवर आहे, हे तपासायला दोन बिलं पुरतात.

आणि एक चौकट ‘काय करणार नाही’ अशी ठेवा. पहिल्या तीन बिलांत एकाही सुपरवायझरचा रूट बदलणार नाही, एकही केंद्र बंद करणार नाही, कुणाला जादा दराचं आश्वासन देणार नाही. नवा साहेब येतो आणि आठवड्यात रूट फिरवतो, की जुना सुपरवायझर आपल्या केंद्रांसकट दुसऱ्या डेअरीत जातो. दूध डेअरीचं असतं हे फक्त कागदावर, गावात ते सुपरवायझरच्या शब्दावर येत असतं. म्हणून त्या मोठ्या माणसांचा बाऊ करू नका आणि त्यांना शिकवायलाही जाऊ नका. ‘पहिलं बिल त्यांच्या मोटारसायकलमागे किंवा टँकरमध्ये बसून रूट बघण्यात जाईल,’ एवढं लिहा.

‘रात्री दोनला टँकर बंद पडला तर तुम्ही जाल का?’ हे विचारतीलच, आणि पुरुष उमेदवाराला विचारणार नाहीत. चिडायचं तर घरी येऊन चिडा. तिथे व्यवस्था सांगा : रात्रीचा नंबर कुणाकडे, जवळचा रिकामा टँकर कुठला, दूध कुठल्या कूलरमध्ये फिरवायचं. मग शांतपणे विचारा, ‘आधीचे साहेब काय करायचे?’ बहुतेक ते फोनच उचलत नसणार. बाई असण्याचा एक फायदाही आहे, तो मात्र बोलून दाखवा. मिटिंगला पुरुष येतात, गोठ्यात बायका असतात. आम्हा अधिकाऱ्यांशी त्या दाराआडून बोलायच्या. गाय आटली का विकली, हे तुम्हाला त्या थेट सांगतील.

कल्पना चोरीला जाण्याची भीती सोडा. रूट त्यांचे, तूट त्यांची, तुमच्या कागदावरून ते दुसऱ्याला राबवता येत नाही. खरी सावधगिरी वेगळीच आहे : तुमच्या संघातला एकही आकडा, संस्थांची यादी किंवा दरपत्रक सोबत नेऊ नका. ते लाडीगोडीने विचारतील. दिलंत तर खूश होतील आणि मनात नोंद करतील, की ही उद्या आपलंही असंच नेईल.

२२ स्लाइड मैत्रिणीला परत करा. एका पानावर नऊ ओळी, मोठ्या अक्षरात, मराठीत. एचआरसाठी इंग्रजी प्रत मेलने आदल्या दिवशी पाठवा. पंधरापैकी आठ मिनिटं बोला, उरलेली त्यांना बोलू द्या. मालकांना दुधावर बोलायला आवडतं.

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं प्रेस शॉप सांभाळतो. उत्पादन व्यवस्थापकाच्या जागेसाठी अंतर्गत मुलाखत आहे, त्यात पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा मागितला आहे. आधीचे व्यवस्थापक बढती मिळून प्लँट हेड झाले, तेच पॅनलवर आहेत. मला तर सगळं माहीत आहे, मग लिहू काय?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : सर्वांत वर हे लिहा, की तुमच्यानंतर प्रेस शॉप कोण बघणार आणि तो किती दिवसांत तयार होईल. आतल्या माणसाची बढती बहुधा याच कारणाने अडते : तो हलला तर लाइन पडेल. दोन नावं द्या, आणि डाय (प्रेसचा साचा) बदलायला त्यांना आज किती वेळ लागतो तेही द्या.

‘सगळं माहीत आहे’ हे तिथे बोलू नका. वेल्ड शॉप, पेंट, स्टोअर्स, डिस्पॅच तुम्हाला प्रेस शॉपच्या खिडकीतून माहीत आहेत. पहिले पंधरा दिवस तिथे, त्यातली एक आख्खी नाइट शिफ्ट. वर्षानुवर्षं मिटिंगमध्ये मांडलेल्या तक्रारींपैकी फक्त एक घ्या, जिचा रिजेक्शनचा किंवा ब्रेकडाऊनच्या तासांचा आकडा तुमच्याकडे आहे. बाकीच्या ठेवून द्या. आणि ती मांडताना ‘आजवर कुणी लक्ष दिलं नाही’ हे वाक्य गाळा. ज्यांनी दिलं नाही ते टेबलाच्या पलीकडे बसलेले असतील.