सोलापुरात एकटीने दुकान चालवायचं तर वेळ काय ठेवावी? दुपारी बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटतं का?

तुम्ही घराजवळ छोटं दुकान काढताय, मदतीला कुणी नाही, आणि दुपारी शटर ओढायची भीती वाटतेय. माझं अशोक चौकाच्या बाजूला मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, रिळं, चेन, बटणं असा माल असतो आणि 9 वर्षं मी एकटीच ते बघते. म्हणून उत्तर देते.

दुपारी बंद ठेवल्यामुळे माझं गिऱ्हाईक तुटलं नाही. 5 ची वेळ सांगून साडेपाचला आले, तेव्हा तुटलं. एक टेलरताई उन्हात उभ्या राहून परत गेल्या, त्यानंतर वर्षभर दुसरीकडून अस्तर घेत होत्या.

पहिल्या वर्षी मी सकाळी 9 ते रात्री साडेनऊ सलग बसायचे. बंद दिसलं तर लोक विसरतील असं वाटायचं. डबा काउंटरमागे खायचा, मुलाचा अभ्यासही तिथेच. मग 2 महिने वहीत तासातासाची विक्री लिहिली. एप्रिल-मेमध्ये दीड ते साडेचार या वेळात आठवड्याला 10-12 गिऱ्हाइकंसुद्धा नव्हती. पारा 42-43 वर असताना आपल्या गावात कोण बाहेर पडतं? उलट साडेबारा-एकच्या सुमाराला दुकान भरायचं, कारण आमच्या पूर्व भागातल्या बायका घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परत जाताना थांबतात. आधी मी नेमकी त्याच वेळी जेवायला बसत होते. “अक्का, घाई आहे” म्हणत त्या उभ्या राहायच्या आणि मी हात धुवायला धावायचे.

पण माझ्या धंद्यात एक अडचण आहे. रंग जुळवायचा तर उजेड लागतो. मोरपंखी आणि गर्द हिरवा, राणी आणि गुलाबी हे फरक ट्यूबलाइटखाली फसवतात. संध्याकाळी नेलेलं अस्तर सकाळी “रंग वेगळा दिसतोय” म्हणून परत यायचं. कापलेलं परत घेता येत नाही आणि बाईला नाराजही करता येत नाही. म्हणजे मालासाठी दिवसाची वेळ चांगली, पण गिऱ्हाईक येतं संध्याकाळी 6 नंतर. यावर मी एवढंच केलं की नेहमीच्या टेलर बायकांना साडीच्या पदराचा तुकडा सकाळी ठेवून जायला सांगितलं. मी उजेडात जुळवून पुडी बांधून ठेवते, त्या संध्याकाळी नेतात. अनोळखी गिऱ्हाइकाला मात्र रात्री स्पष्ट सांगते, उद्या उजेडात बघून घ्या.

आता माझ्या 2 वेळा आहेत. गुढीपाडव्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत सकाळी 9 ते दीड आणि 5 ते साडेनऊ. लग्नसराई असतेच, त्यामुळे रात्री उशीर होतो. एरवी 10 ते साडेआठ, मध्ये दीड ते अडीच जेवण. पाटी बदलते त्याच दिवशी गूगल मॅपवरची वेळही बदलते. एकदा ते राहून गेलं आणि अक्कलकोटहून एक मायलेकी भर दुपारी येऊन बसल्या होत्या. त्यांना बघून मला फार वाईट वाटलं.

सगळ्यात अवघड दिवस पाण्याचा. आपल्याकडे नळाला 3-4 दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे, कधी ऐन दुकान उघडायच्या वेळी. टाकी भरल्याशिवाय घर सोडता येत नाही. याला पक्का उपाय मला सापडलेला नाही. शटरवर फोन नंबर रंगवून घेतलाय आणि पाण्याच्या दिवसापुरती शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे किल्ली देते. ते शटर अर्धं वर करून “येतायत” एवढं सांगतात. बाईमाणसाच्या दुकानाची वेळ घरच्या पाण्यावर ठरते, हे दुकानाचा हिशेब मांडताना कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

सणांचंही बघा. संक्रांतीआधीचे 8-10 दिवस काळ्या साड्यांमुळे काळं अस्तर, काळा फॉल पुरत नाही. तेव्हा मी दुपारी बंद करत नाही. पण त्याच सुमाराला नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक निघाली की सगळं गाव ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत असतं. त्या दिवशी शटर बंद करून मीही देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकायला जाते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात आमच्या भागातले रस्तेच भरून जातात, तेव्हाही बंद.

साप्ताहिक सुट्टी घ्याच. 1948 च्या दुकाने कायद्यात आठवड्याला एक दिवस बंद ठेवणं सक्तीचं होतं. 2017 च्या कायद्याने ते गेलं आणि 365 दिवस उघडं ठेवायची मुभा आली. मोठ्या दुकानात माणसं आळीपाळीने सुट्टी घेतात, एकटीला कोण सोडवणार? माल भरायलाही दिवस लागतोच. अर्धा दिवस घाऊक पेठेत आणि अर्धा घरी, असा मी मंगळवार ठरवलाय.

सासूबाई सांगतात की गिरण्या होत्या तेव्हा भोंगा झाला की बाजाराला वेळ कळायची. आता यंत्रमागांच्या पाळ्या कारखान्यागणिक वेगळ्या. त्यामुळे माझी वेळ तुमच्या गल्लीत चालेलच असं नाही. तुम्ही माल कोणता ठेवणार ते लिहिलं नाही. दूध-ब्रेड असेल तर सकाळी 6 ला उघडावं लागेल आणि मग दुपारची झोप सोडू नका. वह्या-पेनं असतील तर शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास चुकवू नका. 2 महिने माझ्यासारखी वही ठेवा आणि त्यात परत गेलेलं गिऱ्हाईकही शेजाऱ्यांना विचारून लिहा. तोवर पाटी रंगवू नका, फळ्यावर खडूने वेळ लिहिली तरी पुरे.