अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास नववीला शिकवताना १६१९ पासून सुरुवात करावी का?

१६१९ पासून जरूर करा, पण त्या वर्षी आलेल्या जहाजाशी थांबू नका, मुलांना लगेच व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या कायद्यांकडे न्या. १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ या जहाजातून ‘वीस आणि आणखी काही’ आफ्रिकी माणसं अन्नसामग्रीच्या बदल्यात उतरवली गेली, अशी नोंद तिथला वसाहतकार जॉन रॉल्फ याच्या पत्रात आहे. एकाचंही नाव नाही. ही ओळ फळ्यावर लिहा आणि यात काय लिहिलेलं नाही, ते मुलांना शोधू द्या. पण गुलामगिरी पिढीजात कशी झाली, ते जहाजावरून कळत नाही. १६४० मध्ये व्हर्जिनियातले तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपीयांची चाकरी चार वर्षांनी वाढली, तर जॉन पंच या कृष्णवर्णीयाला मरेपर्यंत चाकरीची शिक्षा झाली. गुन्हा एकच होता! मग १६६२ चा कायदा आला: मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईच्या पोटी खुद्द मालकाचं मूल जन्मलं, तरी ते गुलामच. नववीच्या मुलांना हे नेमकं समजतं, कारण इथे अन्याय लेखी नियम म्हणून समोर येतो. मात्र एवढ्यावरून गुलामांचा सगळा व्यापार अमेरिकेतच झाला असा समज होऊ देऊ नका. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी लोकांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेले चार लाखांहूनही कमी होते. बहुतेकांना ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर नेलं गेलं, त्यामुळे नकाशा पूर्ण अटलांटिकचा लावा.