मेणबत्तीचा वास जातो कुठे?

(घरातल्या अडीअडचणींवरचे वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई रत्नागिरीच्या. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवत, आता घरामागच्या शेडमध्ये मेणबत्त्या ओततात.)

प्रश्न : ताई, लेकीने वाढदिवसाला काचेच्या पेल्यातली परदेशी सुगंधी मेणबत्ती पाठवली. किंमत विचारली तर सांगत नाही, म्हणजे बरीच असणार. रोज दिवेलागणीला माजघरात अर्धा तास लावते. झाकण उघडलं की वास छान येतो, पेटवली की काहीच नाही. शिवाय मधोमध खड्डा पडलाय आणि कडेचं मेण तसंच उभं आहे. नकली आली का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : नकली नाही हो. तुमचा अर्धा तास नडतोय.

सुगंध मेणात मिसळलेला असतो आणि तो मुख्यतः वितळलेल्या मेणावरून हवेत येतो. वितळलेलं तळं जेवढं मोठं, तेवढा वास. अर्ध्या तासात वातीभोवती जेमतेम रुपयाएवढं मेण वितळतं आणि तुम्ही विझवता. पहिल्यांदाच मेण काठापर्यंत वितळू दिलं नाही, की पुढे ते त्याच वर्तुळात खाली खाली जात राहतं. म्हणून पहिली बैठक लांब हवी. पेल्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास धरा. साडेसात सेंटिमीटरचा पेला असेल तर तीन तास. चारच्या वर मात्र नको, काच तापते आणि ज्योत भडकते.

पडलेला खड्डा भरून काढता येतो. वात पेटवून पेल्याच्या काठावर ॲल्युमिनियम फॉइल बसवा, मध्ये ज्योतीपुरतं मोठं भोक ठेवा आणि तासभर समोरून हलू नका. कोंडलेल्या उष्णतेने कडेचं मेण उतरतं. फॉइल चिमट्यानेच काढा, बोटं भाजतील.

आता वात बघा. चार-पाचदा जळलेल्या वातीच्या टोकाला काळा, भुसभुशीत गोळा धरलेला दिसेल. तो तसाच ठेवून पेटवलंत तर ज्योत मोठी होते आणि काच काजळते. दर वेळी पेटवण्याआधी, मेण थंड असताना, पाच-सहा मिलिमीटर वात ठेवून बाकीची कापा. मी नेलकटर वापरते. मेणात पडलेला तुकडा उचलून टाका.

राहिलं माजघर. तुमचं घर कौलारू, माजघराला वर पाटण नसेल तर तिथे एवढीशी मेणबत्ती लावणं म्हणजे गुहागरच्या समुद्रात साखर टाकणं. दार लागेल अशा लहान खोलीत लावा. आणि पंखा बंद! पंख्याखाली ज्योत वाकते, एका बाजूचं मेण वितळतं, दुसऱ्या बाजूचं नाही, आणि पेल्याची एक कड काळी होते. मे महिन्यात पंखा बंद ठेवायला कोणी तयार होत नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी कँडल वॉर्मर मिळतो. त्याचा दिवा वरून मेण वितळवतो, ज्योतीची गरजच नाही. मेण कमी होत नाही, सुगंध मात्र हळूहळू उडून जातो. मग वरचं वितळलेलं मेण ओतून टाकायचं, की खालचं ताजं लागतं.

एवढं करूनही वास येत नाही असं वाटलं, तर अंगणात एक फेरी मारून परत आत या. एकाच वासात बसून राहिलं की नाक दाद देत नाही.

प्रश्न : आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी उंची मेणबत्त्या घ्यायच्या आहेत. पॅराफिन विषारी, सोयाच घ्या, असं सगळे सांगतात. नारळाच्या मेणाच्याही मिळतात म्हणे. स्वयंपाकघर शेजारीच असल्याने मासे तळल्याचा वास खोल्यांत जातो, त्यावर कुठला सुगंध चालेल? – एक वाचक, देवगड

उत्तर : माशांवर कुठलाच नाही. मेणबत्ती वास खात नाही, त्यावर आपला वास चढवते. तळलेला बांगडा अधिक व्हॅनिला हा प्रकार मी एका ठिकाणी सोसलाय, जेवण उतरेना. आधी एक्झॉस्ट लावा, खिडक्या उघडा, वास गेला की मग गवती चहा किंवा लिंबाच्या जातीचं काहीतरी.

विषाचं म्हणाल तर लोक उगाच घाबरवतात. पॅराफिन खनिज तेलातून निघतं, सोया शेंगांच्या तेलातून. वात लांब राहिली आणि ज्योत वाऱ्याने हलली, की काजळी दोन्हीची धरते. ‘सोया ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर त्यात सोया किती टक्के, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर टाळलं की समजून जा.

आपल्याकडे खरा प्रश्न उकाड्याचा. पेल्यात ओतायचं सोया मेण मऊ, साधारण पन्नास अंशांच्या आसपास वितळणारं. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तापून आलं की वर तेलाचे थेंब दिसतात. टिपून घ्या, मेणबत्ती वाया गेलेली नसते. पांढुरके डागही सोयाचा स्वभावच. नारळाचं मेण ऐकायला आपलं वाटतं, पण खोबरेल चोवीस अंशांच्या सुमारास पातळ होतं हे देवगडात कोणाला सांगायला नको. म्हणून ते घट्ट करून, दुसऱ्या मेणात मिसळूनच विकतात. मधमाशीचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशांपर्यंत टिकतं, पण त्याला स्वतःचा मधाचा वास असल्याने नाजूक सुगंध त्यात बुडतात. तुम्ही सोया आणि जरा कडक मेण यांचं मिश्रण घ्या. पेला जाड बुडाचा आणि झाकण घट्ट हवं. दमट हवेत उघडी वात ओल धरते आणि तडतडते.

किंमत तासाने काढा. पॅरिसच्या दिप्तिक या सुगंधांच्या कंपनीच्या नेहमीच्या १९० ग्रॅमच्या मेणबत्तीला साधारण ६० तास धरतात. दुकानात भारी डबा बघण्यापेक्षा आतलं मेण किती ग्रॅम ते वाचा. याच दिप्तिकने १९६३ मध्ये पहिल्या मेणबत्त्या काढल्या त्या चहा, दालचिनी आणि हॉथॉर्नच्या फुलांच्या वासाच्या. म्हणजे उंची वास गुंतागुंतीचाच असायला हवा असं नाही. ऊद आणि गोड व्हॅनिला एसीच्या खोलीत ठीक, आपल्या दमट हवेत डोकं धरतं.

आणि पाहुण्यांच्या खोलीत मच्छरदाणी असेल तर मेणबत्ती ठेवूच नका. तिथे काड्यांचा डिफ्युझर, म्हणजे सुगंधी तेलात काड्या उभ्या केलेली बाटली, ठेवा, मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर, तुमच्या नजरेसमोर. दम्याचे पाहुणे असतील तर तीही नको.

प्रश्न : ऑनलाइन ‘सुरंगी’ नावाची मेणबत्ती अठराशेला दिसते आहे. वर सुकलेली फुलंही लावली आहेत. घ्यावी का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : वास घेतल्याशिवाय नको. फुलाचं नाव लावलेला सुगंध बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. त्यात फसवणूक नाही, चाफ्याचंही तसंच. पण तुम्ही वेंगुर्ल्याच्या. सुरंगीचा वळेसर केसात माळलेल्या बाईला ती अठराशेची सुरंगी पटणं कठीण. मुंबईची माणसं खूश होतील. वरची सुकी फुलं पेटवण्याआधी काढाच, ती पेट घेतात. फुलांचाच वास हवा असेल तर सुकलेली बकुळ बशीत ठेवा.

प्रश्न : पावसात लाईट गेली की हीच सुगंधी मेणबत्ती लावली तर? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याकडे किती दिवस वीज नव्हती ते तुम्हाला माहीत आहे. तिथे चार तासांची मर्यादा कशी पाळणार? अशा वेळी बॅटरीचा कंदील. सुगंधी मेणबत्ती जुलैत वीज असताना, कपड्यांचा कुबट वास घरभर झाला की लावा. चिऱ्याच्या कोनाड्यात ठेवा, वर लाकूड नको. विझवताना फुंकू नका, झाकण ठेवा. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा. पेला गरम पाण्यात ठेवला की ते सुटून येतं. मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबतो.