कोकणात आजोबांची दुनळी दर पावसाळ्यात गंजते. सेराकोट, पावडर कोटिंग की जुनं ब्लूइंग?

तुम्ही लिहिलंय की बारा बोअरची दुनळी आजोबांच्या वेळची आहे, आता शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तुमच्या नावे आहे, घर खाडीला लागून आहे, आणि एका मित्राने एमआयडीसीत पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून चढवणं) करून घ्यायला सांगितलंय. मित्राच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो ऐकलात तर बंदूक हातची जाईल. कृपया तिथे नेऊ नका.

मी चिंचवडला बावीस वर्षं प्लेटिंग, फॉस्फेटिंग आणि पावडर कोटिंगच्याच कामात आहे. दुनळीच्या दोन्ही नळ्या आणि त्यांच्या मधली लांब पट्टी एकमेकांना डाखाने जोडलेल्या असतात. जुन्या बंदुकांत हा डाख बहुधा कथील आणि शिशाचा. त्याचं नेहमीचं मिश्रण १८३ अंशांना वितळायला लागतं. पावडर भट्टीत भाजतात ती साधारण १८० ते २०० अंशांना, म्हणजे रंग पक्का होईपर्यंत पट्टी सुटलेली. शिवाय पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा. एवढा जाड थर सांध्यांवर बसला तर बंदूक नीट मिटणारही नाही. आणि कायद्याची बाजू वेगळीच: शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. कोटिंगच्या कारखान्याकडे तो नसतो. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, आणि बंदूक देताना पावती घ्या.

आता ब्लूइंग, म्हणजे पोलादावर काळ्या ऑक्साइडचा थर चढवणं. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या प्रक्रिया चालतात, आणि आमच्या घरी नुकसान झालं ते इथेच. माझ्या वडिलांची दुनळी राजापूरला असते. काही वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने ती 'ब्लू' करून दिली. दिसायला अप्रतिम, काळी कुळकुळीत. दोन पावसाळे गेले आणि पट्टीच्या कडेने नारिंगी ओघळ यायला लागले. बाहेरून पुसावं, आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्याने गरम क्षारांचं ब्लूइंग केलं होतं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात नळ्या बुडवायच्या, अर्ध्या तासात काम फत्ते. एकनळीला किंवा रायफलला हे उत्तम. पण कॉस्टिक डाख खातं, आणि पट्टीखालच्या पोकळीत शिरलेले क्षार कितीही धुतलं तरी पुरते निघत नाहीत. ते आतून ओल धरतात. बाबांच्या बंदुकीची पट्टी शेवटी सोडवून, आत साफ करून पुन्हा डाखावी लागली. तो खर्च आणि बाबांची ती अवस्था मला कुणाच्याच वाट्याला यायला नको आहे.

दुनळीला योग्य ते रस्ट ब्लूइंग, म्हणजे मुद्दाम गंजवून केलेलं. नळ्या पॉलिश करायच्या, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, मग सौम्य आम्लाचं द्रावण अगदी पातळ पुसून दमट जागी टांगायच्या. काही तासांत मखमलीसारखा बारीक तांबडा गंज धरतो. त्या डिस्टिल्ड पाण्यात उकळल्या की तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वर सुटलेली काजळी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे सहा ते दहा फेरे. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे डाखाला धक्का नाही. पुण्यात यासाठी दमट पेटी करावी लागते. तुमच्याकडे जूनमध्ये पडवीत टांगलं तरी भागेल, इतकी हवा अनुकूल असते. जी हवा बंदूक खाते तीच हे काम सुरेख करते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

सेराकोटबद्दल. हे अमेरिकेतल्या ओरेगनचं उत्पादन, सिरॅमिक मिसळलेलं पॉलिमर. थर साधारण २५ मायक्रॉन, आणि भट्टीत पक्की होणारी जात १२० अंशांना दोन तासांत पक्की होते, म्हणजे डाखाला धोका नाही. खाऱ्या हवेपासून संरक्षण ब्लूइंगच्या कितीतरी पट. मग मी ते का सुचवत नाही? कारण ते धरण्यासाठी आधी पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा मारा करून तो खरखरीत करावा लागतो. त्यात जुनं नक्षीकाम, प्रूफचे (नळीच्या दाबचाचणीचे) शिक्के आणि नंबर बोथट होतात. नंबर किंवा खूण पुसणं हा त्याच अधिनियमाच्या कलम ८ ने मना आहे, म्हणून हा धोका घेऊच नये. तुमच्याकडे नवी पंप अ‍ॅक्शन किंवा साधी एकनळी असती, तर मी डोळे मिटून सेराकोट सांगितलं असतं. तेव्हाही नंबर झाकूनच, आणि नळीच्या आत, काडतुसाच्या घरात किंवा घासून बसणाऱ्या सांध्यांवर अजिबात नाही.

बाटलीतल्या थंड ब्लूइंगचा उपयोग ओरखडा झाकण्यापुरता. त्यावर पावसाळा निभावत नाही.

काम द्यायच्या आधी एक परीक्षा करा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या वेगळ्या करा, पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या मागच्या हुकात दोरी घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबला तर डाख शाबूत. बद्द किंवा खरखरता आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे, आधी ती दुरुस्ती. आणि गंजाखाली नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली तर त्या पिळाच्या, म्हणजे दमास्कस नळ्या असू शकतात. तसं असेल तर जाणकाराने भिंतीची जाडी मोजून सांगितल्याशिवाय त्यातून आजची काडतुसं उडवू नका.

ब्लूइंग कुठलंही असो, तो थर सच्छिद्र असतो. त्याचं काम तेल धरून ठेवणं. तेल नसेल तर गंज येणारच. खोबरेल लावत असाल तर थांबवा: थंडीत थिजतं, खवट झालं की त्यातली आम्लं लोखंडाला लागतात. बंदुकीचं खनिज तेल, आणि बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. मेणावर बोटांचा घामही बसत नाही. मुख्य म्हणजे चामड्याच्या किंवा कापडी खोळीत ठेवू नका. खोळ पावसाळाभर ओली राहते आणि बंदुकीला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. कुलपाच्या कपाटात, भिंतीपासून दूर, सिलिका जेल ठेवून, आणि ते जेल दर पंधरवड्याला तव्यावर तापवून. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी नळ्या आतबाहेर ग्रीसने माखा. आमच्या वाडीतल्या निम्म्या बंदुकांना गंज तिथेच लागला.

टिचकीचा आवाज कसा आला ते इथे लिहा. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे शिक्के असतात, ते कसे दिसतात तेही सांगा. फोटो टाकलात तर नंबर झाकून टाका. त्यावरून पट्टी सोडवायची का, हे जास्त नेमकं सांगता येईल.