अल्बम कसा बनला हे बघितलं की गाण्यातली मजा जाते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रॉक फारसं ऐकलेलं नाही, मित्राने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम ऐकवला आणि तो आवडला. आता तोच मित्र या अल्बमच्या निर्मितीवरची डॉक्युमेंटरी बघ म्हणून मागे लागलाय. बघावी का, की सगळं आतलं कळल्यावर जादूच निघून जाईल?

बघा. फक्त त्याआधी अल्बम चार-पाच वेळा सलग ऐकून झालेला असू द्या. सलग म्हणजे खरंच सलग, मध्ये गाणं न बदलता. कारण त्या फिल्ममध्ये तुमच्या ओळखीचं गाणं तुमच्यासमोर सुटं करतात, आणि मुळात ओळखच नसेल तर सुटे भाग बघून काय होणार? घड्याळजीच्या टेबलावरचे स्क्रू बघितल्यासारखं होईल.

'क्लासिक अल्बम्स' नावाची एक ब्रिटिश मालिका आहे, तिच्यातला हा २००३ सालचा भाग. दिग्दर्शक मॅथ्यू लाँगफेलो. टीव्हीच्या मापाची, साधारण पन्नास मिनिटांची फिल्म. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा शेजारी आमचे काका बसले होते. ते तबला शिकवायचे आणि रॉक म्हणजे गोंगाट, यावर त्यांचं ठाम मत होतं. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

या मालिकेची पद्धत सोपी आहे. अल्बमच्या मूळ टेप काढायच्या, मिक्सिंग डेस्कवर लावायच्या आणि एकेक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, वर करत एकेक आवाज वेगळा ऐकवायचा. इथे डेस्कवर बसलाय अ‍ॅलन पार्सन्स. अल्बम १९७२च्या जूनपासून १९७३च्या जानेवारीपर्यंत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा तो तिथला पगारी इंजिनियर होता, वयाने विशीतला. टेप सोळा ट्रॅकची, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे ठेवता येणारी. आज मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपमध्येही याहून जास्त ट्रॅक मिळतात. तेव्हा सोळा म्हणजे चैन होती, आणि तरीही ते पुरले नाहीत. मग आधीचे ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि नव्या आवाजांना जागा करायची.

तर 'मनी'. सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी, हे सगळं ठेक्यात ऐकू येतं ना? ती कुठल्या यंत्राची करामत नाही. बँडचा बेस गिटारवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्स, त्याची तेव्हाची बायको कुंभारकाम करायची. तिच्या माती कालवायच्या मोठ्या वाडग्यात त्याने नाणी टाकली आणि तो आवाज टेप केला. असे सात आवाज घेतले, फूटपट्टीने मोजून टेपचे सारख्या लांबीचे सात तुकडे कापले, ते चिकटवून त्यांचं एक वर्तुळ केलं आणि ते मशीनवर फिरत ठेवलं. वर्तुळ मशीनवर मावेना, म्हणून ते बाजूला उभ्या केलेल्या माइकच्या स्टँडला वळसा घालून फिरायचं. तुकडा सारखा लांब म्हणजे मात्रा सारखी लांब. लयीचं गणित अक्षरशः इंचांत मोजलेलं!

इथे काका सरसावून बसले. मांडीवर हात, "ती ती ना, धी ना, धी ना". दोन आवर्तनं झाली आणि थांबले. "मात्रा सात आहेत, पण हा रूपक ताल नाही," म्हणाले. बरोबरच आहे. रूपकात खंड तीन-दोन-दोन, आणि समेवरच खाली, त्यामुळे आवर्तन कसं अधांतरी सुरू होतं. 'मनी'चा बेस गिटार पहिल्याच मात्रेवर पाय आपटून उभा राहतो आणि मग शेवटची मात्रा कुणी चोरल्यासारखा परत फिरतो. चार आणि तीन असं मोजलं तर जमतं. त्याच फिल्ममध्ये वॉटर्सने घरी एकट्याने केलेली 'मनी'ची कच्ची टेपही ऐकवलीय. नुसती गिटार आणि बारीक आवाजातलं गाणं. पक्क्या गाण्यातला दिमाख तिच्यात नावालाही नाही. ती ऐकल्यावर बाकीच्या तिघांनी गाण्यात काय घातलं ते कुणी सांगावं लागत नाही.

जादू जाते का, याला माझं उत्तर खरं तर इथेच आहे. आवाज कसा काढला हे कळतं, आणि त्याने माझं तरी काही बिघडलं नाही. उलट कान बदलतो. आधी गाणं म्हणजे एक भिंत असते. फिल्मनंतर त्या भिंतीत तुम्हाला खिडक्या दिसायला लागतात, आणि आपण इतकी वर्षं मागचा ऑर्गन ऐकलाच नव्हता हे लक्षात येतं.

ऑर्गनवरून आठवला बँडचा कीबोर्डवाला, रिचर्ड राइट. माझ्या मते या फिल्मचा खरा नायक तोच, आणि तो बोलतो सगळ्यात कमी. पियानोवर बसून तो 'ब्रीद'मधली एक जागा वाजवून दाखवतो. कडव्याच्या शेवटी 'जी मेजर' या कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर) परत 'ई मायनर'वर यायचंय. साधा माणूस सरळ आला असता. हा मध्ये एक वाकडी कॉर्ड घालतो आणि कबूल करतो की ही मी जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमवरून उचलली. कुठलाही आव न आणता. एखाद्या गवयाने कानाची पाळी पकडून "ही जागा अमक्यांची" म्हणावं, त्या चालीवर.

'अस अँड देम'ची हकीकतही त्याचीच. ही चाल मुळात अल्बमसाठी नव्हतीच. अँतोनियोनी हा इटालियन दिग्दर्शक 'झब्रिस्की पॉइंट' करत होता आणि त्यातल्या हिंसाचाराच्या प्रसंगावर राइटने हा संथ, उदास पियानो वाजवला होता. पडद्यावर मारामारी आणि खाली असं संगीत, ही कल्पना भन्नाटच म्हणायची. दिग्दर्शकाने ती नाकारली. त्याची नक्कल वॉटर्स इटालियन ढंगात करतो: सुंदर आहे, पण फार उदास आहे, चर्चची आठवण येते. नाकारलेली चाल दोन-तीन वर्षं पडून राहिली आणि इथे कामी आली. असं आपल्याकडच्या संगीतकारांच्या बाबतीतही ऐकू येतंच, एका निर्मात्याने परत केलेली चाल दुसऱ्याच्या चित्रपटात गाजते.

'द ग्रेट गिग इन द स्काय' हा भाग मात्र अंधार करून बघा. पियानो राइटचा. त्यावर काय घालायचं ते ठरत नव्हतं. सुरुवातीच्या कार्यक्रमांत ते बायबलमधले उतारे लावायचे. मग जानेवारी १९७३मध्ये क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला रविवारी संध्याकाळी बोलावलं. शब्द नाहीत, चाल नाही, विषय मृत्यू, आणि आता गा. तिने स्वतःला एक वाद्य समजून गायला सुरुवात केली. पार्सन्स बाकीचे फेडर खाली करतो आणि तिचा आवाज उघडा पडतो. काका तोवर चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला. "शब्द नसले म्हणून काय, ही आलापी नाही, आकांत आहे," एवढंच बोलले.

या गाण्याची एक गोष्ट तुम्हाला फिल्ममध्ये मिळणार नाही, कारण ती नंतर घडली. टोरीला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले होते. रविवार म्हणून दुप्पट दराने! २००४मध्ये ती कोर्टात गेली, चाल माझीही आहे म्हणून. २००५मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटच्या नावासोबत तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षांनी. मला विचाराल तर उशीर झाला, पण निकाल योग्यच लागला. तो गळा काढला तर त्या गाण्यात उरतो एक छान पियानो.

अल्बमभर मध्येमध्ये माणसं बोलताना, हसताना ऐकू येतात, ती कोण, हाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले. मरणाची भीती वाटते का, शेवटचं भांडण कधी झालं, चूक कुणाची होती, असे. आणि स्टुडिओत जो सापडेल त्याला एकट्याला बसवून ते वाचायला लावले. त्यांच्या बरोबर फिरणारा हरकाम्या, तंत्रज्ञ, इमारतीचा दरवान. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी शेजारच्या स्टुडिओत होते, त्यांनाही विचारलं. पण ती दोघं फार जपून, हुशारीने बोलली, म्हणून त्यांचा आवाज घेतला नाही. अल्बमच्या अगदी शेवटी, हृदयाच्या ठोक्यांवर, चंद्राला काळी बाजू वगैरे काही नसते, खरं तर तो सगळाच काळा आहे, असं जो म्हणतो तो जेरी ओ'ड्रिस्कॉल, दरवान. मॅकार्टनी बाद आणि दरवान अजरामर, हे मला फार आवडतं. (ते ठोकेही खऱ्या हृदयाचे नाहीत. बँडचा ड्रमवाला निक मेसन, त्याच्या मऊ गुंडाळलेल्या बेस ड्रमचे आहेत.)

वेडाचा विषय अल्बममध्ये कुठून आला, तेही येतं. सिड बॅरेट हा बँडचा पहिला म्होरक्या. मन ढासळल्यावर १९६८मध्ये त्याला बाजूला व्हावं लागलं. 'ब्रेन डॅमेज'मध्ये तो आहे. त्यातली हिरवळ केम्ब्रिजची, किंग्ज कॉलेजचं चॅपल आणि कॅम नदी यांच्या मधली, असं वॉटर्स सांगतो. गवतावर चालू नये अशी पाटी लावलेली. वेडा कोण, गवतावर चालणारा की पाटी लावणारा, असा त्याचा रोख.

आपल्या वाचकांना एक चेहरा बघून गंमत वाटेल. भास्कर मेनन. जन्म तिरुवनंतपुरमचा, शिक्षण डून स्कूल आणि ऑक्सफर्ड, नंतर भारतातली ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपल्या आजोबांच्या तबकड्यांवरचं ते कुत्र्याचं एचएमव्ही, त्यांनी चालवली. १९७१मध्ये ते अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. तोवर पिंक फ्लॉइडला अमेरिकेत फारसं कुणी विचारत नव्हतं. हा अल्बम तिथे चालवायचाच असा मेनननी चंग बांधला. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला एकच आठवडा, पण बिलबोर्ड या तिथल्या मासिकाच्या खपाच्या यादीत १९८८पर्यंत ७४१ आठवडे. फिल्ममध्ये मेनन अगदी शांतपणे, घासूनपुसून घेतलेल्या इंग्रजीत बोलतात. बाकीचे सगळे केस वाढवलेल्या दिवसांच्या आठवणी काढत असताना हे जणू बँकेच्या संचालक मंडळाच्या बैठकीतून उठून आलेत.

आता खटकलेलं. फिल्म फार सभ्य आहे. मिक्सिंगच्या वेळी वॉटर्सला आवाज कोरडे आणि सुटे हवे होते, गिटारवाल्या डेव्हिड गिलमोरला रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीत, भिजलेले, एकात एक मिसळलेले. शेवटी तिऱ्हाईत म्हणून क्रिस थॉमस या निर्मात्याला बोलावलं. हे सगळं हसतखेळत सांगितलं जातं. नंतरचं काही नाही. राइटला पुढे बँडमधून काढलं, १९८५मध्ये वॉटर्स बाहेर पडला, बँडच्या नावावरून वकील उभे राहिले, त्यातलं अवाक्षर नाही. मात्र नीट बघितलंत तर लक्षात येईल की चौघे एकाही चौकटीत एकत्र नाहीत. प्रत्येकाचं चित्रीकरण वेगळं. गिलमोर त्याची गिटार घेऊन, वॉटर्स त्याची, आणि दोघं एकाच गाण्याविषयी बोलतायत. भाऊबंदकी झालेल्या घरात वाड्याच्या वाटण्या झाल्यावर दोन भाऊ वेगवेगळ्या पाहुण्यांना एकाच आजीच्या आठवणी सांगतात, तसं. २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ते चौघे एकदाच पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. २००८मध्ये राइट गेला.

मुखपृष्ठाचा भाग घाईत उरकलाय, तोही बघाच. ते ज्याने केलं तो स्टॉर्म थॉर्गर्सन भेटतो त्यात. मुखपृष्ठावरच्या लोलकातून बाहेर पडणारे रंग मोजा, सातऐवजी सहा निघतील.

मित्राला हो म्हणून सांगा. आणि बघायच्या आधी हेडफोन लावून 'मनी' एकदा बोटांवर सात मोजत ऐका. सॅक्सोफोन संपून गिटार सुरू होईपर्यंत बरोबर जमेल. तिथे बोटं चुकायला लागली तर घाबरू नका, गिलमोरच्या सोलोसाठी त्यांनी ताल बदलून सरळ चारचा केलाय. आमच्या काकांनी तो क्षण न सांगता पकडला होता आणि म्हणाले, "हं, आता बसला कहरवा."