भावाचा जनुकीय अहवाल आणि माझी गोळी

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाची अमेरिकेत अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर संगणकावर क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध लिहू लागताच, जुन्या जनुकीय चाचणीच्या आधारे पडद्यावर सूचना आली आणि त्याला त्याच कामाचे टिकाग्रेलॉर देण्यात आले. पुण्यात नुकताच मलाही स्टेंट बसवला असून मी क्लोपिडोग्रेलच घेतो. मी गोळी बदलावी का? चाचणीचा अहवाल ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यात ठेवल्यास इथल्या डॉक्टरांनाही अशी सूचना मिळेल का?

उत्तर : गोळी स्वतःहून मुळीच थांबवू नका; स्टेंटनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत तसे करणे जिवावर बेतू शकते.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि यकृतातील सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला क्रियाशील रूप देते. या एन्झाइमच्या जनुकाच्या, आईवडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती निकामी असतील, तर गोळी नियमित घेऊनही स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घालायला लावला. त्याच वर्षी तिथल्या वँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाने जनुकीय चाचणीचे असे निष्कर्ष, गरज पडण्याआधीच, रुग्णाच्या नोंदीत साठवायला सुरुवात केली.

आपल्या भावाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर आई आणि वडील या दोघांकडेही किमान एकेक निकामी प्रत असणार, आणि मग आपल्याही दोन्ही प्रती तशाच असण्याची शक्यता किमान २५ टक्के ठरते. शिवाय भारतीयांमध्ये ही निकामी प्रत युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे सर्वांनी सरसकट ही चाचणी करावी असे मी म्हणणार नाही, पण आपण हृदयरोगतज्ज्ञांकडे तिचा विषय अवश्य काढावा. औषध बदलायचे की नाही हे मात्र तेच ठरवतील, कारण टिकाग्रेलॉरमुळे रक्तस्रावाचा धोका क्लोपिडोग्रेलपेक्षा अधिक असतो.

आता ‘आभा’विषयी. तिथे अहवाल ठेवता येईल, आपल्या संमतीने डॉक्टरांना तो पाहताही येईल. परंतु पीडीएफ जोडल्याने सूचना उमटत नाही. त्यासाठी निष्कर्ष संगणकाला वाचता येईल अशा सांकेतिक रूपात नोंदलेला हवा, औषध लिहिण्याची प्रणाली त्या नोंदीशी जोडलेली हवी आणि कोणत्या निष्कर्षाला कोणते औषध टाळायचे याचे नियम तिच्यात भरलेले हवेत. चिठ्ठी हाताने लिहिली जाते तिथे उत्तम अहवालही मूकच राहतो. (रुग्णांना चाचणी विकणाऱ्या जाहिराती याबद्दल क्वचितच बोलतात.)

जनुके ठीक असूनही ॲसिडिटीसाठी घेतलेले ओमेप्राझोल याच एन्झाइमला अडवते, हेही ध्यानात ठेवा. म्हणून तूर्त भावाच्या अहवालाची प्रत मागवून घ्या, आणि आपण घेत असलेल्या सर्व औषधांच्या यादीसह ती फाइलच्या पहिल्याच पानावर लावून पुढच्या तपासणीला न्या.